छत्तीसशेचा आकडा

प्रिय बारक्या,

चौदा महिने झाले तुझा आवाज ऐकून. इकडे सगळे बरे आहेत. दादाचा गुडघा कुरकुरतो. तुझ्या पुतणीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बाईसाहेब फोटोत तोंड उघडत नाहीत. मी त्याच खोलीत, तू बांधून दिलेल्या कॉम्प्युटरवर लोकांच्या फिल्मा जोडत बसते.

त्याची मेमरी आता मीच लावते. हसू नकोस. वेग वाढवला की मेमरीला मागितलेलं काढून द्यायला आतल्या घड्याळाच्या जास्त ठोक्यांची सवड द्यावी लागते, नाहीतर घाईत ती भलतंच हातात ठेवते, हे तू मला भाजी निवडता निवडता समजावलं होतंस. एकेक पायरी चढायची, दरवेळी आठ तास तपासायचं, एक जरी चूक निघाली तरी मुकाट मागे यायचं. "सुरू झाला म्हणजे जमलं असं नसतं, वहिनी," म्हणायचास. गेल्या महिन्यात मी सवड सोळावरून अठरावर नेली, तेव्हा कुठे चौतीसशेचा वेग एकही चूक न येता टिकला. फायदा म्हणशील तर नावापुरता. पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तू दोन रविवार घालवून बत्तीसशेवर थांबला होतास. मला ते कमी वाटायचं. मग त्या म्हाताऱ्या गायिकेची मुलाखत आली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, कॅमेऱ्याची कार्डं पुसली, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर अर्ध्या मुलाखतीत नुसते हिरवे चौकोन. बाईंना पुन्हा बसवणं शक्य नव्हतं. काम गेलं. "तुझ्या खेळापायी हिच्या पोटावर पाय आला," असं दादा तुला बोलला. तू सेटिंगचं पान उघडलंस, क्षणभर बघितलंस आणि "माझं चुकलं" एवढंच म्हणालास. संध्याकाळी बॅग भरलीस. दादाने चारचौघांत सांगितल्यावर लोकांनी तुला कॉम्प्युटर बांधायला देणं बंद केलं. प्रिंटरच्या दुकानात काउंटरवर बसतोस, असं मावशींकडून कळलं.

बारक्या, त्या पानावर छत्तीसशे होतं. ते मी केलं होतं, चार दिवस आधी, तू कामावर गेला असताना. वेग चढवला, सवड तीच ठेवली, तपासणी केलीच नाही. तू तो आकडा वाचलास, माझ्याकडे बघितलंस आणि पान बंद केलंस. तुला कळलं होतं. मी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. काल जेवताना दादाला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. म्हणाला, "मी त्याला विचारलंसुद्धा नाही." आज सकाळपासून तो ज्यांना ज्यांना बोलला होता, त्यांच्या घरी जाऊन खरं काय ते सांगतोय. माझी माफी मात्र पत्रातून मागण्यासारखी नाही. रविवारी आम्ही दोघं येतोय. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
वहिनी