पर्समधला कांदा

शुक्र. १० ऑक्टो.

चार वाजता मॅच. उन्हाचा जोर अजून तसाच. वेळ धरायचं काम माझं. तीन वर्षांपूर्वी कोच ग्रेगने "फक्त आजचा दिवस" म्हणून स्टॉपवॉच गळ्यात घातलं, ते राहिलं.

प्रज्ञा मेश्राम फॉरवर्ड. एकोणीस वर्षांची, उंची बेताची. शेवटचा चेंडू तिने दोघींच्या डोक्यांवरून काढला. मी घड्याळ बघायचं विसरले.

तिची आई शेजारी बसली होती. नागपूरकडच्या.

"किती मार्क पडले जी?"

"सात."

"कितीपैकी?"

सांगितलं की या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये किक केलेला चेंडू अधांतरी पकडला की त्याला मार्क म्हणतात. "मंग तं भल्ले पडले बाप्पा. शाळेत असे पडले असते तं!"

पाण्याची बाटली काढताना त्यांच्या पर्समधून कांदा घरंगळला. अख्खा, सालासकट. उचलून दिला. विदर्भात ऊन लागू नये म्हणून जवळ कांदा ठेवतात, ऐकून होते. बहारीनमध्ये पहिल्यांदाच पाहिला. बरं वाटलं, का कोण जाणे.

रवि. १२ ऑक्टो.

ऑफिस. दोन जन्मदाखले, एक शाळा सोडल्याचा. मराठीतून इंग्रजीत. खाली शिक्का: खरे व अचूक भाषांतर.

ग्रेग दारात. दिवसा वरच्या मजल्यावर जहाजांचा विमा, संध्याकाळी मुलींचा कोच. ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबला ड्राफ्टमध्ये प्रज्ञा घ्यायची की नाही असा प्रश्न पडलाय. (ड्राफ्ट म्हणजे नव्या खेळाडूंची निवड. आमच्याकडे ड्राफ्ट म्हणजे कच्चा खर्डा.) जागा एकच. प्रज्ञा, नाहीतर एक आयरिश मुलगी. ठरवणार त्या क्लबची लिन. ती तिकडून व्हिडिओ बघते. म्हणते, हात उत्तम, उंची कमी, किक फक्त डाव्या पायाची.

"तिला घरच्यांबद्दल दोन पानं हवीत. तू लिही. तुझी भाषा तीच ना?"

"साधारण."

पुणे-नागपूर अंतर त्याला काय सांगणार.

मंगळ. १४ ऑक्टो.

तुबली. मेश्रामांचं घर गॅरेजच्या वर. खालचा कंप्रेसर मधूनच सुरू होतो, मग कपबशासुद्धा थरथरतात. त्यांना सवय आहे. बोलणं थांबवत नाहीत.

प्रज्ञाचे बाबा, मेश्राम, हिद्दच्या कारखान्यात शिफ्टवर. आई बोलल्या, मी वहीत घेतलं. ग्रेगच्या कागदावरचे प्रश्न: झोप, खाणं, अभ्यास, आजारपण. आजारपणाला आवाज खाली आणला त्यांनी, आणि नेमका कंप्रेसर. "ल्हानपनापासून... फिट..." मग काही ओठच. मग "आता काई त्रास नाई." घेतलं.

प्रज्ञा समोर बसून मोजे गुंडाळत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. "ऑल गुड, आँटी?" म्हणाली. ऑल गुड, म्हटलं.

निघताना आई दारापर्यंत आल्या. "सांगून टाकलं समदं. मन हलकं झालं." पोरगी लांब जाणार, त्याबद्दल असावं.

गुरु. १६ ऑक्टो.

दोन पानं पाठवली. विशेषणं काढली. आजारपणाखाली एकच ओळ, इंग्रजीत: लहानपणापासून फिट. वाक्य आखूड आहे. आवडलं.

मंगळ. २१ ऑक्टो.

चकल्यांचा डबा घेऊन सरावाला गेले. ग्रेग चार खाऊन म्हणाला, लिन वळतेय. "घर भक्कम आहे, तब्येत भक्कम आहे" असं तिने लिहिलंय. रिपोर्ट त्याने प्रज्ञालाही पाठवला होता.

प्र. पळत आली, घामेजलेली मिठी. "थँक यू, आँटी. त्या ओळीबद्दल."

कोणत्या, विचारायचं राहिलं. शेवटची असेल. 'हिला हरायला आवडत नाही, पण येतं.' ती मलाही बरी वाटली होती.

शुक्र. ३१ ऑक्टो.

क्रमाने लिहिते.

सराव संपला. मेश्राम शिफ्टवर, म्हणून दोघींना मी तुबलीला सोडायला निघाले. प्र. शेजारी, आई मागे. प्र. विचारत होती, मेलबर्नला पाऊस पडला की मॅच... वाक्य अर्धं राहिलं. वाटलं फोन बघतेय. मान खिडकीकडे वळली आणि वळतच राहिली. मग आवाज. तिचा नव्हता तो.

गाडी कडेला कशी घेतली आठवत नाही. मागच्यांचे हॉर्न. मी नुसतं "प्रज्ञा, प्रज्ञा." मागून एक हात पुढे आला. हातात कांदा. दातांनी फोडलेला. तिच्या नाकापाशी.

"हो बाई, हो. झालं बाई, झालं." आई एवढंच. ठाऊक असलेल्या आवाजात.

पाय डॅशबोर्डवर आपटत होता. दोन्ही, पण मला डावाच दिसत होता.

थांबलं. माझा हात गळ्याशी गेला. स्टॉपवॉच चालू. मीच दाबलं होतं, केव्हा ते माहीत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरने आधी तेच विचारलं, किती वेळ? एक मिनिट चाळीस सेकंद, म्हटलं. त्याने मान वर करून बघितलं. नर्स आहात?

गाडीत कांद्याचा वास. काचा उघड्या ठेवून आले.

शनि. १ नोव्हें.

वॉर्डबाहेर बाकावर.

"तुमाले तं सांगतलं होतं," आई म्हणाल्या.

"काय?"

"फिटचं. त्या दिवशी. ल्हानपनापासून तिले फिट येत. सहावीपासून बंद हायेत, गोळी चालू हाय, आता काई त्रास नाई. तुमी लिवून घेतलं ना?"

घेतलं होतं. वही पर्समध्येच होती. काढली. माझं अक्षर, स्वच्छ: लहानपणापासून फिट. आता काही त्रास नाही.

'तिले' कंप्रेसरखाली गेला. ती फिट. तिले फिट. एक विभक्ती. मधलं ऐकू आलं नव्हतं, तर पुन्हा विचारायचं. मी वाक्य पुरं केलं. अकरा वर्षं शिक्का मारते आहे.

"आणि कांदा?"

"सासूबाईनं लावून देलेली सवय. हिचे बाबा रागावतात, डॉक्टरबी नाई म्हनते. पन पर्समधून काढवत नाई."

"मला वाटलं, उन्हासाठी."

त्या हसल्या. हॉस्पिटलात, अशा वेळी, हसल्या. मग पदर डोळ्यांना.

आत प्र. जागी. जीभ चावलेली, बोलणं जड. डॉक्टरला तिने सांगितलं होतं, तेच मला सांगितलं. गोळ्या तिने स्वतः बंद केल्या.

"क्लबवाले रक्त तपासतील ना. गोळी सापडली असती तर तुमचा रिपोर्ट खोटा ठरला असता. तुम्ही माझ्यासाठी लपवलंत, आँटी. कुणी असं करत नाही."

"केव्हापासून बंद?"

"रिपोर्ट वाचला त्या दिवसापासून."

माझं वाक्य खरं करायला ती

नाही लिहवत.

तिला सांगायला हवं होतं, मी लपवलं नाही, मला ऐकूच आलं नाही. ती हात धरून होती. मी "झोप" म्हटलं.

रवि. २ नोव्हें.

ऑफिसात एक दाखला तीनदा वाचला. 'आईचे नाव' या ओळीपुढे जाता येईना. दुसऱ्या कुणाला दिला.

दुरुस्ती पाठवली तर तिचा आजार मी जगजाहीर करते, तो माझा नाही. नाही पाठवली तर खोट्यावर माझी सही. नुसती ओळ काढली तर लिन विचारणारच, का काढली.

जिन्यात ग्रेग. "प्रज्ञाचा घोटा कसा आहे?" घरच्यांनी घोटा सांगितलाय.

"बरा," मी म्हटलं.

हे कंप्रेसरवर ढकलता येणार नाही.

मंगळ. ४ नोव्हें.

मेश्राम ऑफिसात आले. हिद्दहून थेट, शिफ्टच्या बुटांत. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेवर.

डॉक्टर म्हणतो, गोळ्या सोडल्या म्हणून झालं. पुन्हा सुरू केल्यात. काही महिने थांबा, तपासू, मग खेळायचं बघू. बंदच, असं नाही.

"रोग आहे मॅडम, गुन्हा थोडीच आहे. मी म्हणतो, सांगून टाकू. हिची आई म्हणते, सोयरीक आली तर? इथं आपली माणसं किती, चार बिल्डिंगांत मावतात. सकाळी बोललं तर दुपारी सगळ्या बहारीनला ठाऊक."

"आणि प्रज्ञा?"

ते टेबलावरच्या माझ्या शिक्क्याकडे बघत राहिले.

"ती म्हणते, सांगितलं तर आँटीचं नाव खराब होईल."

चहा मागवला होता. दोघांचा तसाच राहिला.

शुक्र. ७ नोव्हें.

प्र.शिवाय मॅच. हरलो. शेवटची पाच मिनिटं चेंडू तिच्या जागेवर पडत होता आणि तिथे कुणी नव्हतं.

मॅचनंतर बाकावर ग्रेगचा फोन स्पीकरवर, पलीकडे लिन. मी घड्याळाची दोरी गुंडाळत होते.

"लहानखुरी आहे, ग्रेग. एकच पाय. आता घोटा."

"हात बघ तिचे. पाय शिकवता येतो. हात शिकवता येत नाहीत."

"आयरिश मुलगी दोन्ही पायांनी मारते."

"आणि धरते का?"

लिन म्हणाली, "धरत नाही. पण उद्या मैदानावर काही झालं तर उत्तर मला द्यावं लागतं. तुझ्या त्या बाईच्या कागदामुळे मी अजून इथे आहे."

त्या बाईने दोरीला गाठ मारली.

लिन रविवारी प्र.ला फोन करणार, तिकडे रात्री, आपल्याकडे दुपारी एकला. मग ठरवणार. ग्रेगने माझ्या पाठीवर थाप मारली. "होणार बघ, इंशाल्ला." एवढी वर्षं इथे राहून तोही शिकलाय.

गाडीत बसून प्र.ला फोन केला. एका दमात सांगितलं. लपवलं नाही. माहीतच नव्हतं. कंप्रेसर चालू होता. मी चुकीचं ऐकलं आणि विचारलं नाही.

पलीकडे दार लावल्याचा आवाज.

"म्हणजे तुम्ही खोटं बोलला नव्हता?"

"नाही."

"मग मी गोळ्या कशासाठी..."

फोन ठेवला तिने.

पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या. मग मी.

शनि. ८ नोव्हें.

दुरुस्ती लिहिली. चार ओळी. आजाराचं नाव नाही, फक्त 'तब्येतीबद्दलचं माझं वाक्य चुकीच्या ऐकण्यावर आधारलेलं आहे, ते धरू नये.' लिनला नाही पाठवली. आधी प्र.ला.

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

संध्याकाळी तिच्या आईंचा निरोप: उद्या या. जेवायलाच या.

रवि. ९ नोव्हें.

अर्धी रजा. पाऊणला तुबली.

दार प्र.नेच उघडलं. "बसा, आँटी." मराठीत. एरवी कधी नाही. चेहरा वाचता आला नाही.

मेश्राम घरात, शिफ्ट बदलून घेतलेली. टेबलावर तिचा फोन, शेजारी गोळ्यांची सात कप्प्यांची डबी, आठवड्याची. आजपर्यंतचे कप्पे रिकामे. आई स्वयंपाकघराच्या दारात. पर्स खांद्याला, घरातल्या घरात.

"तुमची दुरुस्ती वाचली," प्र. म्हणाली. पुन्हा इंग्रजीत. "ती पाठवू नका. तुमची चूक एका शब्दाची आहे. बाकीचं माझं आहे."

"सांगणार आहेस?"

"माहीत नाही. तिचा आवाज ऐकल्यावर कळेल."

आई म्हणाल्या, "काई सांगू नको. घोटा सांग." मेश्राम म्हणाले, "तिला ठरवू दे ना." आई म्हणाल्या, "तुमचं काय जाते? लोक मले इचारतीन."

एकला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. प्र.ने स्पीकरवर टाकला. हॅलो, हवा कशी आहे, घोटा कसा आहे. लिनचा आवाज अपेक्षेपेक्षा म्हातारा, बरा. प्र.ने श्वास घेतला. "लिन, माझ्या रिपोर्टमध्ये..."

कंप्रेसर.

कपबशा थरथरल्या. प्र.चे ओठ हलत होते. मेश्रामांनी सवयीने मान पुढे केली. पलीकडून लिन, "सॉरी? काय म्हणालीस?"

मी उठले. जिना दोन-दोन पायऱ्यांनी. गॅरेजमध्ये पोरं टायर काढत होती. मालक खुर्चीत.

"भाईसाब, पाँच मिनिट बंद करो."

"क्या हुआ मॅडम? रोज तो चलता है."

"ऊपर लडकी का फोन है. ऑस्ट्रेलिया से. पाँच मिनिट. प्लीज."

त्याने वर बघितलं. माझ्याकडे बघितलं. आवाज कसा निघाला असेल माझा, कोण जाणे. "यल्ला," त्याने पोराला सांगितलं, "खलास करो." खटका पडला.

इतकी शांतता या घराखाली मी ऐकली नव्हती. रस्त्यापलीकडचा पक्षी ऐकू आला.

जिन्याच्या वळणावर थांबले. पुढे जाववेना. वरून प्र.चा आवाज, सरळ, एकेक शब्द. पहिल्यापासून पुन्हा सांगत होती. लहानपणच्या फिट. गोळ्या. बंद का केल्या तेही.

आई जिन्याच्या तोंडाशी आल्या. इंग्रजी त्यांना येत नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी.

"काय सांगून राहिली जी ते?"

भाषांतर केलं. त्यांच्याच शब्दांत, एकही न गाळता.

"तिले फिट येत होत्या, असं सांगते आहे."

त्या पायरीवर बसल्या. मी त्यांच्या खालच्या पायरीवर. वर प्र. बोलायची थांबली. खाली पोरं टायरपाशी तशीच उभी, आमच्याकडे बघत.

लिन अजून बोलेना. किती वेळ झाला बघायला हात गळ्याकडे गेला. स्टॉपवॉच मी आज आणलं नव्हतं.