दारावरच्या माणसाला मी काय सांगितलं

अप्पा,

तुम्ही माझ्याशी बोलणं टाकलं होतं त्या दिवसांबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. तुम्ही जिवंत होता तेव्हा भांडण पुरं झालं न्हाई. तुम्ही भिंतीकडं तोंड करून निजायचात आणि मी भाकरी थापत बसायचे.

तेव्हा आपलं राज्य म्हैसूरच म्हणवायचं. मी गुलबर्ग्याला मास्तरणीचं शिक्षण घेत होते आणि आमची सहल दक्षिणेला निघाली होती. मी औरादला सांगायला आले. तुम्ही अडतीवरून पोती वाहून आला होता, अंगावर तुरीचा भुस्सा तसाच.

"कामून जायलीस? देवळं बघायला?"

"सगळ्याच पोरी जायल्यात, अप्पा. आता कुणी अडवत न्हाई."

"अडवत न्हाईत म्हणूनच जायचं न्हाई. बोलावलं तरी जायचं न्हाई."

बुद्धाची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले देव पाटीत घालून तुम्ही विहिरीत सोडले होते. मी लहान होते, आई पदर तोंडात धरून उभी होती. तुमचा शब्द म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. तरी मी गेले.

आणि काय काय बघितलं, ते तुम्ही एकदाही विचारलं न्हाई, म्हणून आता ऐकाच. पहाटे बाया दाराशी ओणव्या होऊन तांदळाच्या पिठानं अख्खा रस्ताभर वेलबुट्ट्या काढतायत, आणि घटकाभरात त्यावरून सायकली, गाई जातायत, तरी कुणाला वाईट वाटत न्हाई. हॉटेलवाला कॉफी या पेल्यातून त्या वाटीत हातभर उंचावरून ओततोय, थेंब सांडत न्हाई. केळीच्या पानावरचा भात सारखा बघून बघून आम्ही सगळ्या ज्वारीच्या भाकरीसाठी रडकुंडीला आलो. एका म्हातारीनं न विचारताच माझ्या वेणीत मोगरा खोवला. तिनं माझी जात विचारली न्हाई, अप्पा.

मग ते तमिळ मुलखातलं मोठं देऊळ. बाहेरच्या मंडपात दगडी खांबांची रांगच्या रांग, प्रत्येकावर घोडे, वादक, नाचणाऱ्या बाया. त्यापुढं आतल्या दारावर पाटी होती: हिंदूंखेरीज कुणाला प्रवेश नाही. आमच्या पोरी रांगेत सरकायल्या होत्या. माझी मैत्रीण, भालकीकडची लिंगायताची पोर, मी तिला अक्का म्हणायचे, ती माझ्या कानात म्हणाली, "गप चल. कुणाला काय कळतंय?"

दारावरच्या माणसानं प्रत्येकीला विचारलं न्हाई. मलाच विचारलं. रंग बघून की पाटीशी थबकले म्हणून, कोण जाणे. तो तेलुगू बोलणारा निघाला, औरादच्या बाजारात शिकलेली तेलुगू मला तिथं कामाला आली. मी म्हटलं, "मी हिंदू न्हाई. बौद्ध आहे." आमच्या बाई मागून कुजबुजल्या, "अगं, व्हय म्हण की!"

तो माणूस हसला. वाईट न्हाई, अगदी लाडानं हसला. "बुद्ध? तोही आमचाच देव. जा आत."

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुमचा न्हाई. आणि मी आत जात न्हाई." रांगेतनं बाहेर पडले आणि खांबाला टेकून बसले. थोड्या वेळानं अक्का धक्के खात माघारी आली. गळ्यातलं लिंग चाचपत म्हणाली, "माझा देव इथंच हाय. आत कशाला चेंगरून मरू?" आम्ही दोघी दुपारभर एकेक खांब बघत हिंडलो. घोड्याच्या दातांत बोट घालून बघितलं. दगड फोडताना कुणाचे हात सोलले असतील, ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

घरी येऊन मी हे देवळाच्या दारावरचं तुम्हाला सांगितलं. वाटलं, आता तरी पाठीवर हात ठेवाल. तुम्ही एवढंच विचारलं, "चपला काढल्या होत्यास?"

"सगळेच काढतेत, अप्पा."

"म्हंजे काढल्यास. देवळाला मान दिलासच." आणि भिंतीकडं वळलात.

अप्पा, मी त्या माणसाला तोंडावर 'न्हाई' म्हटलं, ते तुम्ही शिकवलेलं होतं. पण तेच 'न्हाई' तुम्हाला म्हटलं की ते पाप कसं होतं? करजगीच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी दर उन्हाळ्याला निघाले. बेलूर बघितलं, हंपी बघितली, तुमच्या बुद्धाचे आंध्रातले मोडके स्तूपही बघितले. तुम्ही जिवंत होता तेव्हाही गेले, गेलात त्या वर्षीही गेले. लोक काय काय म्हणाले. त्या दगडांकडं पाठ फिरवून ते त्या दारावरच्यांचेच राहू द्यायचे, हे मला कबूल न्हाई. आजही न्हाई.

औंदा आईला कन्याकुमारीला नेलं. तिनं जन्मात समुद्र बघितला नव्हता. लुगडं गुडघ्यापर्यंत धरून ती पाण्यात उभी राहिली, लाट आली की पोरीसारखी किंचाळायची. सूर्य वर आला तसे तिनं हात जोडले. मी तिला अडवलं न्हाई, आणि तुम्ही असता तर तुम्हालाही अडवू दिलं नसतं.

हे टपालात टाकायचं कुठं, म्हणून घडी घालून लुगड्यांच्या खाली ठेवतेय. एकच गोष्ट आईलाही सांगितली न्हाई. त्या वेळी माझेही हात वर उचलले गेले होते. मी ते पदरात गुंडाळून घेतले. तुमच्यासाठी आवरले की माझ्यासाठी, मला ठरवता येईना झालंय.