जोहोरमधली बाळाची खरेदी

प्रिय आई,

तुला आणि बाबांना नमस्कार. मला सहावा महिना लागलाय, तब्येत छान आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

शनिवारी आम्ही बसने पूल ओलांडून मलेशियात, जोहोरला गेलो. तिथे कपडे स्वस्त मिळतात. अवनीचे फ्रॉक झाल्यावर सारंगने बाळासाठी ढीगभर झबली उचलली.

"एवढी कशाला? बाळंतपणाला मी माहेरी जाणारेय ना?"

"अवनीची शाळा बुडेल गं. इथेच करू."

दुकानात माणसं होती, मी झबल्यांची मापं बघत राहिले. तो वाईट नाही गं.

परतताना बस पुलावर दोन तास अडकली. मी अवनीला म्हटलं, "उतरून चालत जाऊया?"

"कॅनॉट लाह, ममा." म्हणजे नाही जमणार; इथल्या मुलांसारखंच बोलते ती आता.

दुपटी शिवून झाली असतील तर पोस्टाने पाठव.

तुझीच,
अनघा