सळईचा चटका

इंदिरानगर, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
चैतालीचा सप्रेम जयभीम, वि. वि.

बॉयलरपाशी तुमचे कान गेले, म्हणून फोनऐवजी हे पत्र. काल कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझ्या हातून चूक झाली. सळईतून उष्णता कशी वाहते याचं सूत्र पोरांना तोंडपाठ, पण कळत काहीच नाही. म्हणून म्हटलं, हात लावून बघा. हीटर बंद करून वीस मिनिटं झाली होती, मी सळई निवली असं धरलं. तिच्यावरचं जाड आवरण काढलं आणि माझ्या सांगण्यावरून दीपकनं ती मुठीत धरली. तळहात भाजला. आवरण उष्णता धरून ठेवतं, हे गेल्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहिलं होतं.

पुढच्या बुधवारी चौकशी आहे. विभागप्रमुख म्हणतात, मुलानं न विचारता हात लावला असं लिहून द्या. दीपकनं घाबरून तशी सही केलीसुद्धा. जूनमध्ये मी नोकरीत कायम व्हायची आहे. काय करू ते लगेच कळवा.

माया आहे, ती राहू द्या.
तुमची चैताली


वणी
७ फेब्रुवारी

चि. चैतालीस अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, एवढं शिकून शेवटी बापालाच विचारलंत! सही कर. पोराचा हात महिन्यात बरा होईल, गेलेली नोकरी परत मिळत नाही. तुझ्या आईला यातलं काही सांगितलेलं नाही. वेळेवर जेवत जा.

लोभात उणं पडू देऊ नकोस.
धोंडीराम


इंदिरानगर
१२ फेब्रुवारी

ती. बाबांस सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र पर्समध्ये घेऊनच आत गेले. दीपक समोर बसला होता, हाताला पट्टी. विचारल्यावर म्हणाला की चूक त्याचीच आहे. सूत्र म्हणतो तसंच म्हणाला, एका दमात. मला ते ऐकवेना. सळई धरायला मीच सांगितलं होतं, असं मी लिहून दिलं. कायम होणं वर्षभर लांबलं.

तुमचं ऐकलं नाही. रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा.
तुमचीच,
चैताली


वणी
१५ फेब्रुवारी

चि. चैतालीस,

रागावलो नाही. माझं ते पत्र फाडून टाक. सतरा वर्षांपूर्वी कारखान्यात माझ्या जोडीचा खंडेराव वाफेनं भाजला होता. वाफेचा कॉक मी उघडा ठेवला होता. त्यानंच उघडला, असं मी लिहून दिलं. त्याची नोकरी गेली, माझी राहिली, आणि त्या पगारावर तू शिकलीस. काल हे तुझ्या आईला सांगितलं, तेव्हापासून तिनं अबोला धरलाय.

उद्या सकाळच्या एसटीनं लासलगावला त्याच्या घरी जातोय. दार त्याच्या बायकोनं उघडलं तर काय बोलायचं, ते अजून सुचत नाही.

आज आशीर्वाद लिहीत नाही. तुझा लोभ असू दे.
धोंडीराम