सरितानं मले रडवलं नाई

मु. जाम

चि. चंद्रभान,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे. गुडघा कसा आहे तुहा? तुह्या बायकोची, शोभाबाईची तब्येत चांगलीच असन, तिच्या जिभेची खबर इथपर्यंत येते. (मी सांगून राह्यली, पिंकी लिहून राह्यली. नातीनं मधातच काही सुधारलं तर मले वाचता येत नाई, याचा ती फायदा घेईनच.)

माह्या रक्ताच्या कॅन्सरच्या गोळीचं तू इचारलं होतं. डॉक्टरीणबाईनं मले भाजीवालीले समजन असं सांगतलं. रक्त हाडाच्या आत तयार होते. तिथल्या काही पेशींचा स्टार्टर चिकटला, मोटर बंदच होत नाई, पांढऱ्या पेशींचा नुसता पूर. जुनी औषधं सारं वावर जाळत. ही गोळी फक्त त्या स्टार्टरच्या खाचेत जाऊन बसते अन् मोटर थांबते. गोळी चुकली का मोटर पुन्हा चालू. म्हणून रोज, जेवणावर, मोठा गिलासभर पाण्यासंग. एवढं शहाणं औषध, पण मळमळ होते, पिंडऱ्यांत गोळे येतात, अन् सकाळी डोळे असे सुजतात का आरशातल्या बाईले मी ओळख इचारते.

तिथंच घात झाला. गल्लीतल्या बायांनी डोळे पाह्यले अन् ठरवलं, सून सरिता सासूले रडवते. शेजारची सुमित्राबाई धीर द्याले आलूबोंडे घेऊन आली. मी म्हणलं, गोळीनं सुजले. ती म्हणे, "माय, तू किती झाकशीन तिचं." (आलूबोंडे खाल्ले मी. गरम होते.) सुनेची जेवढी तारीफ करावी, तेवढी बायांले माही कीव जास्त. सरिता बाजारात भाजी घेऊन बसली का साऱ्या चूप. अन् तुह्या बायकोनं तिकडं तुमच्या अल्लीपुरात उठवलं, का सुनेनं मले दोन दिवस उपाशी ठेवलं म्हणे. इथं तर सरिता चार घास पोटात गेल्याशिवाय गोळी हातात देत नाई.

मंग मी डोकं चालवलं. गोळी गालात धरायची, सरिता वळली का पदरात. सोळा दिवसांत डोळ्यांची सूज उतरली. बाया म्हणाल्या, सून सुधरली. मी खूश.

मंग रक्ताचा रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी पुन्हा वर. डॉक्टरीणबाई सरितालेच रागावली, गोळ्या काऊन देत नाई म्हणून. ती खाली मान घालून उभी राह्यली, अन् मी, जिची जीभ कधी थांबत नाई, तोंड उघडलं नाई. आता हीच गोळी चालन का दुसरी लागन, ते महिन्याभरानं समजन.

तुही,
वच्छलाबाई

ता. क. इथं पिंकीनं पेन खाली ठेवलं अन् आईले, म्हणजे सरिताले, हाक मारली. पदराची गोष्ट घरात कोणाले माहीत नव्हती.

आणखी एक. सरिता रागावली नाई, रडली. मंग समोर बसून गोळी गिळाले लावली अन् माही जीभ वर करून पाह्यली, बाजारात बैल पाहतात तशी. आज डोळे तिचे सुजले आहेत. सुमित्राबाई पाहून गेली, आता गल्लीत चालू आहे का सासूनं सुनेले रडवलं. हे खरं आहे. शोभाबाईले एवढं अल्लीपुरात सांगाले लावजो. चिठ्ठीपेक्षा ती लवकर पोचवते.