ही सिस्टर आमच्या पेशंटजवळ नको

प्रिय नम्रता,

हे पत्र तालिबच्या हातून पाठवतेय, म्हणून दचकू नकोस. माझा भाऊ हिंजवडीत तुझ्या ऑफिसशेजारी कामाला असल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. फोन केला असता तर तू विचारलं असतंस, कशी आहेस, आणि मी मजेत म्हणून मोकळी झाले असते. गेले आठ महिने सगळ्यांना तेच सांगतेय. अम्मीलासुद्धा.

तुझे बाबा वाशिमहून शनिवारी पोचतायत ना? सोमवारच्या बायपासला ते घाबरत नाहीत, आयसीयूत आपली शबनम आहे असं गल्लीभर सांगतात, असं तू कळवलंस. ते वाचून मी मोबाईल उलटा ठेवला. आपल्या नर्सिंगच्या हॉस्टेलवर यायचे तेव्हा एकसारखे दोन डबे आणायचे, आपण भांडायला नको म्हणून. तू पुढे हे काम सोडून विम्याच्या कंपनीत गेलीस. मी राहिले.

मार्चमध्ये मुक्ताबाई गेल्या. बावीस दिवस आयसीयूत माझ्याकडे होत्या, रोज विचारायच्या, जेवलीस का. त्यांच्या मुलाला बाहेर जाऊन सांगितलं, कागद पुरे केले आणि पोटभर जेवले. काहीच वाटलं नाही. मला वाटलं, सोळा वर्षांनी आपण तयार झालो.

मग एकदा मंडईत वांगी निवडताना मॉनिटरचा अलार्म ऐकू आला. पिशवी टाकून धावले. दोन गाळे ओलांडल्यावर लक्षात आलं, इथे कुठला मॉनिटर? भाजीवाली म्हणाली, "ताई, वांगी काही पळून जात नाहीत." लोक हसले, मीही हसले. त्यानंतर उलटं सुरू झालं. वॉर्डात खरा अलार्म वाजत असतो, आणि सगळे माझ्याकडे पाहायला लागले की मला तो कळतो.

गेल्या गुरुवारी दुपारी सहा नंबरच्या पेशंटसाठी पोटॅशियमचं औषध भरून घेतलं आणि पाच नंबरपाशी जाऊन उभी राहिले. सिरिंज त्यांच्या नळीला लावणार, तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, हे काल नव्हतं ना?" मनगटावरचा पट्टा वाचला. नाव दुसरंच. ते औषध त्यांना गेलं असतं तर काय झालं असतं, हे तुला सांगायला नको. "बरं झालं विचारलंत," म्हटलं, सिरिंज टाकून दिली, नवी भरली, सहा नंबरला लावली. हात थरथरले नाहीत, नम्रता. मला त्याचीच भीती वाटते.

संध्याकाळी सुशीला मॅडमना, आमच्या इन्चार्जना, सगळं सांगितलं. लेखी दिलं तर तो कागद त्यांनी परत माझ्या हातात ठेवला. "लेखी कशाला? सगळ्याच थकल्यात. तू घरी बसलीस तर मी कुणाला उभी करू?" आवाजात राग नव्हता. त्यांच्या टेबलावर झोपेच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी होती. त्यांनी ती झाकलीही नाही. मानसोपचाराच्या डॉक्टरांची वेळ मी माझी मीच घेतलीये, पण ती बुधवारची मिळाली.

काल ड्यूटीचा नवा तक्ता लागला. सोमवार, मंगळवार, दोन्ही दिवस मीच. बाबांना ऑपरेशननंतर माझ्यासमोर आणतील. घशात नळी असेल, काही विचारता येणार नाही. सिस्टर बोलली तर कुणी ऐकत नाही. नातेवाइकांची तक्रार आली की वरचं ऑफिस तासाभरात दुसऱ्या वॉर्डातून माणूस आणून उभं करतं. म्हणून हे लिहितेय. उद्या सकाळी हॉस्पिटलच्या त्या ऑफिसात जा आणि लेखी दे, शबनम मुजावर ही सिस्टर आमच्या पेशंटजवळ नको. कारण विचारलं तर गुरुवारचं सांग, मी नाही म्हणणार नाही. बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. मला वाईट वाटेल याचा विचार करू नकोस. वाटेल की नाही, मलाही माहीत नाही. वाटलं तर बरंच होईल.

तुझीच,
शबनम