माळ नसलेला माळकरी

दिवेआगर, १८ जानेवारी २०२५, दुपारी तीन. नारळ खवून आत्ताच बसलो.

ती. आईस,
विनेशचा नमस्कार. मी बरा आहे. डाळ-भात पोटभर मिळतो. तुझे गुडघे कसे आहेत?

मासे सोडले म्हणून इथे मला माळकरी समजत होते. काल, मी स्वयंपाकाला मदत करतो त्या खानावळीच्या मालकीण केसरकाकूंनी ताक दिलं. मी नको म्हटलं. त्या हसल्या, "माळकऱ्याला ताक चालतं की! तुला तेही न्हाय, मग तू हायेस तरी कोण?" जनावराचं काहीच खात नाही, एवढंच सांगितलं.

मग म्हणाल्या, "माशाच्या कालवणाचं मीठ चाख, न्हायतर सोमवारपासून येऊ नको." मी चाखलं नाही, म्हणजे सोमवारपासून हे काम सुटलं.

बाबा होडीवर चल म्हणतील. मला जाळं ओढवणार नाही. घरी आलो तर माझ्यापुरतं वरण वेगळं काढशील का? जमणार नसेल तर तसं कळव. मी येणार नाही.

तुझा,
विनेश